खत आणि भूसुधारक विकताना: पुणे जिल्ह्यातल्या दुकानदारासाठी परवाना, लेबल, नोंदी आणि नमुना

पिशवीवर ‘भूसुधारक’ छापलं की खताचा परवाना लागत नाही, अशी समजूत मार्केट यार्डातल्या गाळ्यांपासून उरुळी कांचनच्या रोपवाटिकांपर्यंत सगळीकडे आढळते. या समजुतीपायी सरळमार्गी माणसंही विनापरवाना विक्रीच्या गुन्ह्यात अडकतात. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ हा अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला आहे. माल काय नावाने विकता याला त्यातल्या खताच्या व्याख्येत महत्त्व नाही. तो कशासाठी वापरायचा आहे याला आहे. जमिनीला किंवा पिकाला अन्नद्रव्य पुरवणारा, किंवा जमिनीतलं अन्नद्रव्य पिकाला मिळवून देणारा, आणि आदेशाच्या अनुसूचीत बसणारा पदार्थ म्हणजे खत. गुन्हा शाबित झाला तर मूळ अधिनियमाच्या कलम ७ खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

म्हणून सुरुवात अर्जापासून करू नका. दुकानात जो माल ठेवायचा आहे त्याची एकेक पिशवी टेबलावर घ्या आणि लेबल वाचा.

आधी माल वेगळा करा

युरिया, डीएपी, पोटॅश, सुपर फॉस्फेट, १०:२६:२६, विद्राव्य खतं, सूक्ष्म अन्नद्रव्यं हा सगळा अनुसूची १ मधला माल. त्यात शंका नसते. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं अनुसूची ३ मध्ये, गांडूळ खत आणि शहरी कंपोस्ट अनुसूची ४ मध्ये, एरंडीपेंडीसारख्या अखाद्य पेंडी अनुसूची ५ मध्ये. ‘सेंद्रिय आहे, मग परवाना कशाला’ हा युक्तिवाद इथेच संपतो.

सगळ्यात जास्त गोंधळ पुढच्या ढिगात असतो. ह्युमिक ॲसिड, फुल्विक, समुद्री शेवाळाचा अर्क, अमिनो ॲसिड, प्रोटीन हायड्रोलायझेट, जीवनसत्त्वांची मिश्रणं यांना जैव उत्तेजकं म्हणतात. वर्षानुवर्षं ही ‘सॉइल कंडिशनर’, ‘टॉनिक’, ‘ग्रोथ प्रमोटर’ अशा नावांनी कुठल्याही नियमाविना विकली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती खत आदेशाच्या कलम २०-सी आणि अनुसूची ६ खाली आली. कंपन्यांना जी तात्पुरती प्रमाणपत्रं दिली होती, त्यांची वाढवलेली मुदत १६ जून २०२५ ला संपली. त्यामुळे असा माल घेताना एकच प्रश्न विचारा: हे उत्पादन अनुसूची ६ मध्ये या घटकांसह आणि या प्रमाणात अधिसूचित झालं आहे का? विक्री प्रतिनिधीने जुनं तात्पुरतं प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावर विसंबू नका. आणि लेबलवर शिफारस केलेलं पीक बघा. जैव उत्तेजकांची अधिसूचना पिकागणिक असते. टोमॅटोसाठी आलेली बाटली द्राक्षासाठी हातात देणं दुकानदाराच्या अंगलट येऊ शकतं.

जिप्सम, चुना, साखर कारखान्याची मळी, कोकोपीट, कुंडीची तयार माती यांच्यासाठी सोपी कसोटी आहे. पुरवठादाराकडे ओ फॉर्म, म्हणजे उगम प्रमाणपत्र मागा. तो मिळाला तर माल परवान्यात घ्या. मिळत नसेल आणि पिशवीवर मात्र नत्र-स्फुरद-पालाशचे टक्के छापले असतील, तर ती पिशवी दुकानात ठेवूच नका. नुसतं कोकोपीट कुंडीचं माध्यम म्हणून विकायला हरकत नाही. त्याच पाकिटावर ‘झाडाला संपूर्ण पोषण’ लिहिलं की प्रश्न सुरू होतो. आणि ‘मुळकूज थांबवते’, ‘हुमणी मारते’ असं लिहिलं असेल तर तो माल कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कक्षेत जातो. त्याचा परवाना वेगळा आणि तपासणीही वेगळी.

जिप्समबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती कायद्याच्या पलीकडची आहे. बारामती, इंदापूर, दौंडच्या कालव्याखालच्या चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीत जिप्सम उपयोगी पडतो, तोही माती परीक्षणात सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर, आणि निचऱ्याची सोय असेल तरच. निचरा नसलेल्या रानात जिप्सम टाकलं तर सुटलेला सोडियम खाली वाहून जात नाही, तिथेच राहतो आणि शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात. चुनखडीच्या काळ्या जमिनीला चुना विकणं तर सरळ नुकसान आहे. माती परीक्षणाचा अहवाल बघितल्याशिवाय भूसुधारक काउंटरवरून देऊ नका.

परवाना

किरकोळ विक्रीसाठी परवाना अधिकारी म्हणजे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी. अर्ज ‘आपले सरकार’वरून ऑनलाइन करायचा. घाऊक आणि किरकोळ विक्रीचे परवाने वेगळे. एकाच गाळ्यातून दोन्ही करायचं असेल तरी दोन्ही लागतात. मान्यता ए-२ नमुन्यात (फॉर्ममध्ये) मिळते आणि बोलीभाषेत सगळे तिलाच ‘खत लायसन’ म्हणतात.

अर्जासोबत लागतं ते असं: शैक्षणिक पात्रतेचा दाखला, जागेचा पुरावा (मालकीची असेल तर मिळकतीचा उतारा, भाड्याची असेल तर करारनामा), गोदामाचा चतुःसीमा नकाशा, शॉप ॲक्ट, आधार, पॅन, शुल्काची पावती आणि ज्या कंपनीचा माल विकणार तिचा ओ फॉर्म. पात्रता म्हणून कृषी किंवा रसायनशास्त्राची पदवी चालते, कृषी पदविका चालते. तीही नसेल तर एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा किमान १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करता येतो; कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं असे वर्ग घेतात, आणि पुणे जिल्ह्यात बारामती व नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेची एक वर्षाची ‘देसी’ पदविका त्याहून बरी. तिचे वर्ग आठवड्यातून एकदाच असतात, त्यामुळे दुकान सांभाळून ती पुरी होते.

अर्ज बहुधा दोन ठिकाणी अडतो. पहिलं, गोदाम. दुकान हडपसरला आणि गोदाम मांजरीला, पण अर्जात फक्त दुकानाचा पत्ता. परवान्यावर न नोंदलेल्या जागेत ठेवलेला माल तपासणीत अनधिकृत साठा ठरतो, मग त्याची पावती खिशात असली तरी उपयोग नाही. दुसरं, ओ फॉर्म. तो नुसता कंपनीच्या नावाचा चालत नाही. त्यात उत्पादनांची नावं असतात आणि तीच परवान्यावर चढतात. खरिपात कंपनीने नवीन ग्रेड पाठवली, गाडी दारात उभी आहे, दुकानदार उतरवून घेतो आणि नोंद नंतर करू म्हणतो. नोंद होईपर्यंत तो माल विकणं म्हणजे विनापरवाना विक्रीच. नवा माल मागवण्याआधी नवा ओ फॉर्म परवान्यात समाविष्ट करून घ्या, ऑर्डर त्यानंतर.

परवाना दर्शनी भागात लावायचा. भागीदार बदलला, जागा बदलली, पात्रताधारक माणूस सोडून गेला तर लगेच कळवायचं. दुसऱ्याच्या परवान्यावर दुकान चालवण्याची सवय काही गावांत आहे. अशा दुकानात काही घडलं की ज्याच्या नावावर परवाना आहे तो सापडतो आणि चालवणारा नामानिराळा राहतो.

साठवण: नमुना इथेच फेल होतो

तपासणीला घेतलेला खताचा नमुना अप्रमाणित, म्हणजे ठरलेल्या दर्जात न बसणारा निघाला की ती कंपनीचीच लबाडी, असं दर वेळी नसतं. युरियात ओलावा १ टक्क्याच्या वर चालत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७० ते ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की युरिया हवेतलं पाणी ओढायला लागतो, आणि मुळशी-मावळात जुलै-ऑगस्टमध्ये हवा दिवसरात्र त्याहून दमट असते. गोणी कारखान्यातून चांगली निघते, तुमच्या गोदामात दोन महिने फरशीवर पडते, खालच्या थराला ढेकळं होतात. नेमक्या त्या थप्पीतून नमुना गेला तर अहवालात दोष ओलाव्याचा येतो, आणि ओलाव्याचं उत्तर साठवणाऱ्याला द्यावं लागतं.

उपाय खर्चिक नाहीत. थप्पी लाकडी फळ्यांवर लावा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा, वर ताडपत्री टाका आणि पावसाळ्यात गोदामाचं दार उगाच उघडं ठेवू नका. आधी आलेला माल आधी विका. त्यासाठी प्रत्येक थप्पीला आवक तारीख आणि लॉट क्रमांकाची चिठ्ठी लावा. कीटकनाशकं आणि तणनाशकं खतापासून पूर्ण वेगळी ठेवा. जिवाणू खतांना पत्र्याखालचा उकाडा सोसत नाही. पावडरमध्ये दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या पाकिटात त्या उरत नाहीत. सावलीत, थंड जागी ठेवा आणि मुदत संपायच्या दोन महिने आधी कंपनीला परत करा.

सुट्ट्या विक्रीबद्दल नियम स्पष्ट आहे. किरकोळ विक्रेत्याला प्रत्येक प्रकारच्या खताची एका वेळी एकच गोणी उघडी ठेवता येते. गच्चीवरच्या बागेसाठी किलोभर खत मागणाऱ्या गिऱ्हाईकाला त्यातून द्या, बिल करा, विषय संपला. पण रिकाम्या वेळात एकेक किलोची पाकिटं भरून त्यावर आपल्या दुकानाचं स्टिकर लावलंत, तर ते उत्पादन आणि लेबलिंगमध्ये मोडतं. पुण्यात कुंडीच्या बागांचं वेड वाढल्यापासून हा प्रकार फार वाढला आहे, आणि घेणाऱ्याला आपल्या हातात नेमकं काय पडलं ते कळायला काही मार्ग राहत नाही.

फलक, बिल, रजिस्टर, ई-पॉस

रोज सकाळी दुकान उघडल्यावर भावफलकावर प्रत्येक खताचा सुरुवातीचा साठा आणि दर लिहायचे. फलक गिऱ्हाईकाला दिसेल असा हवा. पोत्यांमागे गेलेला फलक हा हमखास निघणारा शेरा आहे. प्रत्येक विक्रीचं बिल एम नमुन्यात: शेतकऱ्याचं नाव-गाव, खताचं नाव व ग्रेड, कंपनी, वजन, दर, सही. ‘मागितलं तर देऊ’ असं चालत नाही. साठा रजिस्टर एन नमुन्यात, आवक-विक्री-शिल्लक रोजच्या रोज. नीमकोटेड युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना असते. हमालीच्या नावाखाली वर घेतलेले दहा रुपयेही जादा दराची विक्रीच ठरतात.

अनुदानित खतांसाठी ई-पॉस, म्हणजे विक्री नोंदवणारं मशीन आहे. आधारवर अंगठा, मग विक्री. मशीनमधला साठा आणि गोदामातला साठा जुळला पाहिजे, आणि तो न जुळणं हे परवाना निलंबित होण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे. फरक पडतो तो असा: गाडी आली पण मशीनवर आवक स्वीकारली नाही; रेंज नव्हती म्हणून माल वहीवर दिला आणि रात्री एकाच ओळखीच्या शेतकऱ्याच्या अंगठ्यावर चाळीस गोण्या चढवल्या. जादा युरिया घेणाऱ्यांच्या याद्या निघतात आणि कृषी सहायक त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन विचारतो. दीड एकर रानात चाळीस गोण्या कुठे गेल्या याचं उत्तर त्या बिचाऱ्याकडे नसतं. मशीन बंद असेल तर विक्री थांबवा, तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. अनुदानित युरिया शेतीबाहेर, म्हणजे प्लायवूडच्या डिंकाला किंवा पशुखाद्याला देणं हा वेगळा गुन्हा आहे. औद्योगिक वापराला टेक्निकल ग्रेड असते.

लिंकिंगचा त्रास दुकानदाराला वरून होतो हे खरं आहे. युरियाच्या गाडीसोबत नको असलेली विद्राव्य खतं किंवा बाटल्या गळ्यात मारल्या जातात. तरीही तो माल शेतकऱ्याच्या माथी मारू नका. ‘हे घेतलं तरच युरिया’ म्हटल्याचं शेतकऱ्याने सांगितलं की कारवाई काउंटरवरच्या माणसावर होते, वरच्यावर होत नाही. पुरवठादाराला ईमेलने नकार द्या आणि त्याची प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात द्या. तोंडी तक्रारीचा काही उपयोग नाही.

सोसायटीचं किंवा स्वतःचं कंपोस्ट विकायचं असेल तर

पुण्यात अनेक सोसायट्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करतात. ते स्वतःच्या बागेत वापरणं, सभासदांना वाटणं यात अडचण नाही. पिशवीत भरून, नाव देऊन, बाजारात विकायचं म्हटलं की अनुसूची ४ लागू होते आणि उत्पादनासाठी डी नमुन्यात अर्ज करून एफ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हा अर्ज जिल्ह्याकडे न जाता राज्याच्या कृषी आयुक्तालयाकडे जातो. ते पुण्यातच आहे. महापालिका-नगरपालिकांच्या तपासलेल्या कंपोस्टसाठी राज्याचा ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा ब्रँड आहे, तो खासगी सोसायटीने पिशवीवर छापायचा नाही.

शहरी कंपोस्टमध्ये ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, नत्र किमान ०.८, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी किमान ०.४ टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, क्षारता ४ डेसीसीमेन्स प्रतिमीटरच्या आत, आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारा हवा. गांडूळ खताला कर्ब किमान १८ आणि नत्र किमान १ टक्का. शिसं १००, कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या वर जाऊ नये. पिशवी छापायला टाकण्याआधी अनुसूचीची ताजी प्रत बघून घ्या, कारण दुरुस्त्या होत राहतात.

घरगुती कंपोस्ट कुठे नापास होतं? पहिल्यांदा ओलाव्यात. खड्ड्यातून काढलेला माल सरळ पिशवीत भरला तर तो ४० टक्क्यांच्या आसपास ओला असतो. नेमके १०० ग्रॅम घ्या, ६५ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ७८ ग्रॅम उरले तर ओलावा २२ टक्के. दुसरं, क्षारता. हॉटेलचं खरकटं आणि लोणच्या-पापडाचा कचरा जास्त असेल तर मीठ वाढतं आणि कंपोस्ट घातल्यावर रोपांच्या पानांच्या कडा जळतात. तिसरं, कच्चेपणा. कर्ब-नत्र गुणोत्तर वर राहिलं की ते कंपोस्ट जमिनीतलाच नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. मूठभर ओलसर कंपोस्ट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा कुजका वास आला तर अजून मुरू द्या. पोल्ट्रीची विष्ठा किंवा कारखान्याचा गाळ मिसळणार असाल तर जड धातूंची तपासणी आधी, विक्री नंतर.

निरीक्षक नमुना घ्यायला आल्यावर

गुणनियंत्रण निरीक्षकाला दुकानात येण्याचा, कागद बघण्याचा आणि नमुना घेण्याचा अधिकार आहे. अडवू नका, पण बघत उभे राहा. एकाच लॉटच्या १० पेक्षा कमी गोण्या असतील तर एक, १० ते १०० पर्यंत दोन, १०० ते २०० पर्यंत तीन गोण्यांतून नमुना घ्यायचा असतो. खाच असलेली नळी गोणीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकी घालतात; वरच्या तोंडातून हाताने मूठभर काढलेला माल म्हणजे नमुना नव्हे. पावसात, उघड्यावर, ओल्या जमिनीवर नमुना घेऊ नये असं पद्धतीतच लिहिलेलं आहे. सगळ्या गोण्यांचा माल स्वच्छ कागदावर एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन काढत कमी करत आणतात. मग पाकिटं सीलबंद होतात. ‘जे’ फॉर्मवर सही करण्याआधी खताचं नाव, कंपनी, लॉट क्रमांक, उत्पादन महिना आणि गोणीची अवस्था नीट वाचा. गोणी फाटकी होती किंवा शिवण हाताची होती तर ते लिहायला सांगा. तुमच्या वाट्याचं सीलबंद पाकीट घ्या आणि कपाटात कुलपात ठेवा. उंदराने कुरतडलं तर तुमची बाजू गेली.

नमुना सात दिवसांत प्रयोगशाळेकडे जायला हवा, प्रयोगशाळेला तपासणीला ३० दिवस असतात आणि अहवाल ‘एल’ फॉर्ममध्ये येतो. अप्रमाणित आला तर घाबरून माल परत पाठवू नका. तो पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो. त्या लॉटची विक्री त्याच क्षणी थांबवा, थप्पी वेगळी करा, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, आणि फेरतपासणीसाठी नोटिशीतल्या मुदतीत अपील करा. सोबत कंपनीचं मूळ बिल, आवक नोंद, मशीनची शिवण असलेल्या गोण्यांचे फोटो आणि गोदामाचे फोटो जोडा. दोष अन्नद्रव्याचा असेल आणि गोणी मूळ शिवणीची असेल तर तुमची बाजू भक्कम असते. दोष ओलाव्याचा असेल तर प्रश्न तुमच्या गोदामाबद्दल विचारले जातात.

अप्रमाणित ठरलेला साठा गुपचूप स्वस्तात काढायचा नाही. त्याच्या प्रत्येक गोणीवर लाल रंगात ‘अप्रमाणित’ आणि फुलीची खूण करावी लागते, विल्हेवाटीसाठी परवानगी मागावी लागते, आणि त्याची किंमत अधिकारी ठरवतात. शेतकऱ्याला संशय आला तर त्याला बिल आणि न उघडलेली एक गोणी जपून ठेवायला सांगा आणि कृषी विभागाचा १८००-२३३-४००० हा टोल फ्री क्रमांक द्या. डीएपीचे दाणे चुन्यात चोळून अमोनियाचा उग्र वास येतो का हे बघण्याची जुनी पद्धत संशय घ्यायला पुरते, पण सुनावणीत मोजला जातो तो प्रयोगशाळेचा अहवाल.